सिरोस्ट्रेटस की अल्टोस्ट्रेटस: पाऊस किती लांब आहे?

आकाशभर पसरलेला फिकट पडदा या दोहोंपैकी कोणत्याही ढगाचा असू शकतो, आणि पावसाचा अंदाज बांधताना त्यांतला फरक ओळखता येणे फार उपयोगी पडते. सिरोस्ट्रेटस साधारणपणे 6 किलोमीटरच्या वर असतो. त्यातल्या बर्फाच्या स्फटिकांमधून प्रकाशाचे वक्रीभवन होऊन सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती 22 अंश त्रिज्येचे खळे पडते. हात लांब करून अंगठ्याने सूर्य झाकला, तर ताणलेल्या करंगळीचे टोक जवळपास त्या खळ्यापर्यंत पोहोचते (सूर्याकडे थेट पाहू नये, हे अर्थातच आले).

अल्टोस्ट्रेटस त्याहून खाली, करडा आणि दाट असतो. त्यात खळे दिसत नाही, आणि सूर्य दुधी काचेआडून पाहावा तसा अंधूक दिसतो. मला सर्वांत भरवशाची वाटणारी खूण मात्र जमिनीवर सापडते: सूर्य बराच वर असताना सिरोस्ट्रेटसखाली वस्तूंची सावली पडते, अल्टोस्ट्रेटसखाली पडत नाही.

उष्ण आघाडी (थंड हवेवर चढत पुढे येणाऱ्या उष्ण हवेची कड) सरकत येत असेल, तर सिरोस्ट्रेटसनंतर पावसाला बहुधा 12 ते 24 तास लागतात. अल्टोस्ट्रेटस दाट होत खाली उतरू लागला, की पाऊस काही तासांतच येऊ शकतो. नुसत्या खळ्यावरून पाऊस ठरवणे घाईचे होईल, कारण पडदा दाट न होता विरूनही जातो.