ग्लुकोमीटर चांगला, पण आधी हात धुवा! (४ स्टार)

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात ते ७५ ग्रॅम ग्लुकोजचं गोड पाणी पाजून शुगर बघितली तर दोन तासांनी १५६. १४० किंवा पुढे गेली की प्रेग्नन्सीतली शुगर धरतात, म्हणून हे मशीन घेतलं.

डॉक्टर म्हणाल्या, तुमची साखर नाळेतून बाळाकडे जाते पण तुमचं इन्सुलिन जात नाही, मग ते बिचारं स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, अंगाने वाढतं आणि जन्मल्यावर आईकडची साखर एकदम बंद झाली की त्याची शुगर खाली येते. एवढं ऐकल्यावर मी निमूट दिवसातून चार वेळा बोट टोचायला लागले. उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवून दोन तासांनी १२० च्या आत.

मशीन वापरायला सोपं, पाच सेकंदात आकडा येतो. पण एकदा दुपारी २१२ आली, मला रडूच फुटलं, इन्सुलिन चालू करतील आता वगैरे. मग नवरा म्हणाला अगं तू मगाशी आईंना आंबा कापून दिलास ना! साबणाने हात धुवून नीट पुसून परत घेतली तर ११३. बोटावरचा रस मोजला त्याने 😅

खरा फायदा म्हणजे स्वतःचंच जेवण कळलं. पोहे आणि चहावर १४६, तेच अर्धी प्लेट पोहे, वाटीभर मटकीची उसळ आणि वीस मिनिटं गच्चीवर फेऱ्या मारून ११४. डोहाळजेवणाला तर नुसती ओटी भरून घेतली आणि लाडू बहिणीकडे सरकवले. शेवटपर्यंत जेवण आणि चालण्यावरच भागलं माझं, पण शेजारच्या ताईंना इन्सुलिन लागलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

लॅबपेक्षा मशीन सात-आठने जास्त दाखवायचं, एवढा फरक चालतो म्हणाल्या डॉक्टर. एक स्टार कापला तो टोचायच्या पेनासाठी, स्प्रिंग तीन आठवड्यात ढिली झाली. आणि स्प्रिट लावलंत तर बोट वाळू द्या. रक्ताचा थेंब घ्यायच्या स्ट्रिपची (पट्ट्यांची) डबी मात्र लगेच घट्ट लावायची, पावसात माझ्या निम्म्या वाया गेल्या. मशीन स्वस्त वाटतं पण ५० स्ट्रिपची डबी बारा दिवसात संपते हो, तो खर्च आधी धरा आणि लॅन्सेट म्हणजे टोचायच्या सुयाही जास्तीच्या मागवा, बॉक्समध्ये दहाच येतात.