न्यूझीलंड रग्बी संग्रहालय, पामर्स्टन नॉर्थ: गॅलाहरसाठी तरी जावे

१९६९ मध्ये स्थापन झालेले आणि आता ‘ते मानावा’ संकुलात असलेले हे संग्रहालय डेव्ह गॅलाहरविषयी कुतूहल असणाऱ्याने अवश्य पाहावे. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि बोअर युद्धात लढलेल्या न्यूझीलंडच्या या कर्णधाराचा रग्बी संघ १९०५-०६ च्या दौऱ्यात ३५ सामन्यांपैकी एकच, तोही वेल्सविरुद्ध, हरला. त्याच दौऱ्यात इंग्लंडविरुद्ध वाजलेली शिट्टी येथे जतन केलेली असून विश्वचषकाच्या सलामीच्या सामन्यात ती वाजवली जाते. प्रवेशशुल्क, माझ्या मते, तेवढ्यानेच वसूल होते. चाळिशी उलटल्यावर पुन्हा सैन्यात गेलेला गॅलाहर ४ ऑक्टोबर १९१७ रोजी पहिल्या महायुद्धात बेल्जियममधील पासचेंडेलच्या लढाईत जखमी होऊन मरण पावला. मुले सोबत असल्यास प्रत्यक्ष खेळून पाहण्याच्या विभागासाठी वेळ राखून ठेवावा.