मेमरी फोम टॉपर, दिवाळी ते जून: फोम खरा, पट्टे कच्चे

टॉपर म्हणजे गादीवर अंथरायचा फोमचा थर, कोपऱ्यांच्या पट्ट्यांनी गादीला धरून राहणारा. आमचा ६ बाय ५ फूट, २ इंच जाड, साडेपाच हजार रुपये. दिवाळीत घेतला आणि होळीच्या आधीच पायथ्याकडचा एक इलास्टिक पट्टा शिवणीतून सुटला. पाठोपाठ त्याच बाजूचा दुसराही. तक्रार केली तर कंपनीकडून उत्तर आलं की वॉरंटी फक्त फोमची, तीही १ इंचापेक्षा खोल खड्डा पडला तरच. पट्टे, चेन, खोळ ही 'नेहमीची झीज'. दोनदा फोन केला, फोटो पाठवले, तेच उत्तर.

मला हे अजिबात पटलेलं नाही. पट्टा म्हणजे काही शोभेची झालर नव्हे. आमची खालची गादी कॉयरची, म्हणजे काथ्याची, वरचं कापड गुळगुळीत. पट्टा गेला की रात्रीतून टॉपर चार बोटं सरकतो, चादर गोळा होते आणि पहाटे टाचा कडक कॉयरवर येतात. मग सकाळी पलंग ओढून सगळं पुन्हा बसवा. उलटून पाहिलं तर इंचभर रुंदीचं इलास्टिक आणि त्यावर एकच टीप, आत आधाराला कापडाची पट्टीसुद्धा नाही. दोन माणसं रात्रभर कूस बदलणार, तो सगळा ताण त्या एका टिपेवर. दोन पैसे वाचवायचे तर नेमके इथे वाचवायचे?

शेवटी घरात जुन्या खाटेची नवार होती ती घेऊन इथे ग्वाल्हेरच्या दौलतगंजात शिंप्याकडे गेले. खोळीच्या चारी कोपऱ्यांना आतून नवारीचा तुकडा, त्यावर २ इंची इलास्टिक, दुहेरी टीप आणि टोकांना चौकोन करून मध्ये फुली. १८० रुपये घेतले. तेव्हापासून टॉपर तसूभर हललेला नाही.

पट्टे असे निघाल्यावर मला फोमचाही संशय आला. डब्यावर डेन्सिटी ५० लिहिली होती, म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ५० किलो. हे घरी तपासता येतं. ६ बाय ५ फूट आणि २ इंच म्हणजे ५ घनफूट, साधारण ०.१४ घनमीटर; तेव्हा खोळ काढून फोम ७ किलोच्या आसपास भरायला हवा. वजनकाट्यावर आधी ह्यांना उभं केलं, मग गुंडाळी हातात देऊन पुन्हा. फरक ७ किलोच्या जवळच आला. माल खरा निघाला, हे कबूल करायलाच हवं. तुम्ही घ्याल तेव्हा जाडीपेक्षा हा आकडा विचारा, कारण हलका फोम जाड असला तरी लवकर दबून बसतो.

आता झोपेचं. जानेवारीत माझं मत होतं की पैसे पाण्यात गेले. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, पारा ५-६ वर, दुपारपर्यंत धुकं. मेमरी फोम उबेने मऊ पडतो आणि गारठ्यात कडक होतो. १९६६ मध्ये नासाच्या कामातून विमानातल्या सीटसाठी तो निघाला, तेव्हापासूनचा त्याचा हाच स्वभाव. रात्री आडवं पडलं की पहिली काही मिनिटं फळीवर निजल्यासारखं वाटायचं. तळहात दाबला तर जेमतेम ठसा उमटे आणि तो भरून यायलाही वेळ लागे. रजाईखाली गरम पाण्याची पिशवी आधी ठेवायला लागले तेव्हा जरा सुसह्य झालं.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मात्र मत पालटलं. मी कुशीवर झोपते, कॉयरवर उजवा खांदा आणि कंबरेचं हाड सकाळी ठणकायचं. ते थांबलं. महिनाभर इतकी शांत झोप लागली की पट्ट्यांचा राग असतानाही टॉपर परत करावासा वाटला नाही.

मग मे आला. नवतप्याच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत हाच फोम इतका लुसलुशीत होतो की अंग आत रुततं, आणि रुतलं की पाठीला वारा लागत नाही. कूलरची हवा वरून येते, खालून पाठ भिजते. उपाय म्हणून जुन्या सुती लुगड्यांची गोधडी वर पसरली. मऊपणा थोडा कमी झाला, पण घाम टिपला जातो. कूलरमुळे खोलीत दमट होतं, म्हणून आठवड्यातून एकदा टॉपर उभा करून पंख्याखाली ठेवते. उन्हात मुळीच नाही. सासूबाई सवयीने गादीसारखा गच्चीवर टाकायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. कापसाच्या गादीला ऊन मानवतं, फोम उन्हाने पिवळा पडून भुरभुरतो.

एक आणखी. गादी कडक असेल तर टॉपरचा उपयोग आहे. मध्ये खोलगट झालेल्या गादीवर टाकलात तर तोही त्याच खळग्यात बसेल आणि कंबर दुखायची ती दुखेलच. तिथे आधी गादी बदला.

सासूबाईंच्या पलंगासाठी आता लॅटेक्सचा घेणार आहोत. रबराच्या चिकाचा असल्याने थंडी-उन्हात तो एवढा बदलत नाही, दाबला की लगेच उसळी घेतो, त्यामुळे त्यांना कूस बदलताना जोर लावावा लागणार नाही. जड असतो आणि किंमत जवळजवळ दुप्पट सांगताहेत. इथल्या महाराज बाडा चौकाजवळच्या दुकानात पाहिला तेव्हा मी आधी खोळ उलटी करायला लावली. तिथेही पट्ट्याला एकच टीप. दुकानदाराला सांगितलं आहे, नवार मी देते, दुहेरी शिवून द्या, मगच पैसे.