दोष माझ्या हाताचा नव्हता

पहिले दोन आठवडे मी माझ्या हातालाच बोल लावत होते. मी ठशांनी चित्रं उमटवून कार्डं बनवते. ठसा शाईवर हलकेच टेकवायचा, कागदावर ठेवून सगळीकडून सारखा दाबायचा आणि न हलवता सरळ वर उचलायचा, हे मी सहा वर्षं करतेय. तरी या नव्या संचातल्या पाकळ्यांमध्ये पांढरे ठिपके राहत होते, बारीक देठाची रेघ मध्येच तुटत होती. वाटलं, जोर कमी पडतोय. जोर वाढवला तर कडेची शाई बाहेर पसरली. हा संच मला ऑनलाइन विकणाऱ्याची सगळी भिस्त माझ्या याच शंकेवर होती, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

संच थरांच्या गुलाबाचा होता. एकाच फुलाचे तीन ठसे, फिकट, मध्यम आणि गडद शाईने एकावर एक उमटवायचे. सोबत बारा रंगांची शाईची पॅड, वर ठळक अक्षरांत ‘पिगमेंट (म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई), रंग न उडणारी’ असा दावा. किंमत नेहमीच्या निम्म्याहून कमी. फोटोतली कार्डं इतकी देखणी होती की मी दुसरं काही पाहिलंच नाही. पाहायला हवं होतं ते हे: सगळे फोटो तयार कार्डांचे होते. ठसे आणि त्यांची साध्या पांढऱ्या कागदावरची छाप, असा एकही फोटो नव्हता.

ठिपक्यांबद्दल कळवलं तेव्हा उत्तर तासाभरात आलं, तेही फार गोड. “ताई, नवीन पारदर्शक ठशावर एक थर असतो. खोडरबर फिरवून बघा.” हा सल्ला खोटा नाही. फोटोपॉलिमरच्या, म्हणजे प्रकाशाने घट्ट केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या, नव्या ठशांवर शाई नीट बसावी म्हणून आपण सगळेच तसं करतो. त्यामुळेच मी विश्वास ठेवला. मग कागद बदलायला सांगितलं, मग खाली मऊ फोम घ्यायला, मग शाई दोनदा लावायला. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर होता, आणि प्रत्येक सल्ल्यात माझे तीन-चार दिवस जात होते. विक्रीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायची मुदत तीस दिवसांची होती.

खरं काय ते एका मैत्रिणीच्या जुन्या ठशामुळे कळलं. लाकडी ठोकळ्यावरचा लाल रबराचा ठसा, पाठीमागे फोमची गादी. तेच पॅड, तोच ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद, तोच माझा हात. छाप अशी स्वच्छ उमटली की पानाची शीर न् शीर मोजता यावी. लाल रबर साच्यात उष्णता आणि दाब देऊन घडवतात, त्यामुळे रेघा खोल आणि धारदार असतात. चांगला फोटोपॉलिमरही बारीक रेघ पकडतो आणि शाई पृष्ठभागावर सारखी धरून ठेवतो. माझे ठसे सिलिकॉनसारखे गुळगुळीत होते. पाण्यावर आधारलेली शाई त्यावर पसरतच नव्हती, तव्यावर पाणी शिंपडावं तसे तिचे थेंब गोळा होत होते. थेंबांमधली कोरडी जागा म्हणजे कागदावरचे पांढरे ठिपके. यावर खोडरबर काय करणार?

थरांचंही तसंच. दुसरा ठसा पहिल्यावर कधीच नेमका बसला नाही, एका बाजूला जमवला की दुसरी बाजू सुटायची. शेवटी विक्रीच्या पानावरचा फोटो उचलून प्रतिमा-शोधात टाकला. मूळ कार्ड एका स्वतंत्र चित्रकर्तीचं निघालं, तिच्या स्वतःच्या ठशांनी केलेलं. माझ्याकडे आली होती तिच्या चित्राची चोरटी नक्कल. ज्या ठशांनी ते कार्ड बनलं, ते मला कोणी विकलेच नव्हते. याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं, कारण मी नकळत एका कारागिराच्या चोरीला हातभार लावला होता.

शाईची फसवणूक उशिरा कळली, आणि तीच जास्त महागात पडली. पिगमेंट शाई कागदाच्या वर बसते आणि सावकाश वाळते, म्हणून तिच्यावर एम्बॉसिंग पावडर (ओल्या शाईला चिकटणारी आणि उष्णतेने वितळून उठाव देणारी भुकटी) टाकायला वेळ मिळतो. हिच्यावर पावडर टाकेपर्यंत शाई कोरडी, झटकली की सगळी पावडर खाली. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण तोवर त्याच शाईची बावन्न आभारपत्रं एका ताईंना देऊन झाली होती. महिन्याभराने त्यांनी फोटो पाठवला. खिडकीजवळ ठेवलेल्या कार्डातल्या जांभळ्या फुलातला गुलाबी उडून निळसर करडा डाग राहिला होता. त्या रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, “असंच होतं का हो?” मला उत्तर देववेना.

त्या रात्री मी बाराही रंगांच्या पट्ट्या छापल्या. वाळल्यावर प्रत्येकीवर पाण्याचा थेंब टाकला. बाराच्या बारा रंग फुटले. दुसऱ्या पट्ट्यांचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून उन्हाच्या खिडकीत चिकटवला. तीन आठवड्यांत झाकलेला आणि उघडा भाग वेगळ्या रंगांचे वाटावेत इतका फरक पडला. पॅडमध्ये साधी डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, होती. डाय शाई वाईट नसते, ती लवकर वाळते आणि रोजच्या कामाला छान चालते. पण पिगमेंट म्हणून ती विकणं ही सरळ लबाडी आहे. नवीन पॅड आलं की या दोन पट्ट्या आधी छापा, ऑर्डर नंतर घ्या.

ठशांची तक्रार मी पंचविसाव्या दिवशी नोंदवली होती. लगेच निरोप आला: “बदली संच आजच पाठवतो, फक्त तक्रार मागे घ्या, नाहीतर आमच्याकडून पार्सल निघत नाही.” मी मागे घेतली. एकदा मागे घेतलेली तक्रार तिथे पुन्हा उघडता येत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. बदली संच आलाच नाही. मुदत संपल्यावर उत्तरांचा सूर बदलला. माल स्वखर्चाने परत पाठवा, तोही दुसऱ्या देशातल्या पत्त्यावर. तो खर्च संचाच्या किमतीपेक्षा जास्त होता. त्यामुळे बदली माल हातात पडून तपासून होईपर्यंत तक्रार उघडीच ठेवा, समोरचा कितीही आर्जव करो.

बावन्नही कार्डं मी मैत्रिणीच्या लाल रबराच्या ठशाने आणि तपासलेल्या शाईने पुन्हा करून दिली. मूळ चित्रकर्तीला त्या पानाचा दुवा कळवला आणि ते पान उतरलं. पण गेल्या आठवड्यात तोच फोटो नव्या नावाच्या दुकानावर दिसला. तिरकं ठेवलेलं गुलाबाचं कार्ड, मागे कापडाची घडी, आणि कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्याची कड किंचित दुमडलेली. हा फोटो दिसला तर विकणाऱ्याकडून ठशाचा आणि साध्या कागदावरच्या छापेचा फोटो मागून घ्या. मी मागितला होता. अजून आलेला नाही.