ब्लेंडर सायकल्स: फुकट, पण घाईच्या माणसाचं नाही

चिपळूणच्या एका बंगल्याचं थ्रीडी मॉडेल सायकल्समध्ये, म्हणजे ब्लेंडर या मोफत थ्रीडी सॉफ्टवेअरच्या चित्र काढणाऱ्या इंजिनात, रेंडर केलं (त्याचं खरं वाटेल असं चित्र काढलं). उजेडाचं काम अव्वल: किरण भिंतीवर आपटून उसळतात, म्हणून जांभ्याची लाली पांढऱ्या छतावरही हलकीच उतरली. आकाशासाठी पॉली हेवन या संकेतस्थळावरचा एचडीआरआय (चहूबाजूंचा खरा उजेड टिपलेला फोटो), तोही मोफत.

खरी गंमत बेव्हल नोडची, म्हणजे कडा गोल दाखवणाऱ्या सोयीची. पायरीची कड कधी सुरीसारखी असते का? ती जराशी गोल केली की उजेडाची बारीक रेघ उमटते आणि चित्रातला खोटेपणा जातो. कोटा फरशीच्या रफनेसला (कुठे चकाकी, कुठे मंदपणा हे ठरवणाऱ्या सेटिंगला) डागांचं चित्र जोडलं, तर घरमालकीणबाई म्हणाल्या, "फरशी पुसली नाही वाटतं!"

माझ्या जुन्या लॅपटॉपवर ४०९६ सॅम्पल्स (चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड तितक्या वेळा तपासणं) म्हणजे रात्रभर जागरण. ३०० वर थांबवून डीनॉइज केलं, म्हणजे चित्रात उरलेले दाणे सॉफ्टवेअरकडून पुसून घेतले. कौलांची खरखर मात्र थोडी पुसली गेली.