१९,००० डॉलरची वार्षिक मर्यादा आणि फॉर्म ७०९ : पंधरा महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेतील गिफ्ट टॅक्सच्या, म्हणजे दिलेल्या भेटींवरील कराच्या, सवलती आम्ही पती-पत्नी जानेवारी २०२५ पासून ठरवून वापरत आहोत. आम्ही न्यू जर्सीत राहतो, दोघेही अमेरिकेचे नागरिक आहोत आणि दोघेही निवृत्त झालो आहोत. मुलगी, जावई आणि तीन वर्षांचा नातू टेक्ससमध्ये असतात. मुलगा बॉस्टनमध्ये मास्टर्स करतो आहे. या पंधरा महिन्यांत आम्ही मुलीच्या घरासाठी, मुलाच्या शिक्षणासाठी, नातवाच्या नावे आणि साताऱ्याच्या मावशीच्या ऑपरेशनसाठी पैसे दिले. त्यात एक चूक झाली, ती निस्तरली, आणि याच महिन्यात २०२५ सालचे फॉर्म ७०९, म्हणजे गिफ्ट टॅक्सचे रिटर्न, भरून झाले. आमच्यासारख्या पगारातून साठवलेल्या पैशांवर उभ्या असलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव उपयोगी पडेल, असे मला मनापासून वाटते.

एका माणसाने दुसऱ्याला वर्षभरात १९,००० डॉलरपर्यंत दिले तर त्याची नोंदही करावी लागत नाही; हीच ती वार्षिक मर्यादा. सुरुवात तिच्याबद्दलच्या एका गैरसमजापासून करते, कारण तो मी आमच्याच ओळखीच्या घरांत अनेकदा ऐकला आहे : ‘१९,०००च्या वर एक डॉलर जरी दिला तरी मुलांना टॅक्स बसतो.’ या वाक्यात दोन चुका आहेत. अमेरिकेत गिफ्ट टॅक्सची जबाबदारी देणाऱ्यावर असते, घेणाऱ्यावर नाही. भारतात १९५८चा गिफ्ट टॅक्स कायदा १ ऑक्टोबर १९९८पासून संपला आणि आज तिथे नातेवाइकांच्या यादीबाहेरच्या माणसाकडून वर्षभरात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त मिळाले तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात धरले जातात; त्यामुळे आपल्या लोकांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. दुसरी चूक जास्त महत्त्वाची आहे. १९,००० ही टॅक्स सुरू होण्याची रेषा नाही, ती नोंद सुरू होण्याची रेषा आहे. त्यापुढची रक्कम फॉर्म ७०९वर लिहायची आणि ती आपल्या आजीवन सवलतीतून, म्हणजे आयुष्यभरासाठी मिळालेल्या एकूण करमुक्त रकमेतून, वजा होते. ही आजीवन सवलत २०२५मध्ये माणशी १ कोटी ३९ लाख ९० हजार डॉलर होती आणि २०२६मध्ये दीड कोटी डॉलर आहे. ती संपल्यानंतरच प्रत्यक्ष टॅक्स द्यावा लागतो; त्याचा कमाल दर ४० टक्के आहे. बहुतेक कुटुंबे त्या टोकाच्या जवळपासही कधी पोचणार नाहीत.

वार्षिक मर्यादा देणाऱ्या प्रत्येकाला, घेणाऱ्या प्रत्येकासाठी स्वतंत्र मिळते, हे एकदा नीट समजले की पुढचे सगळे सोपे होते. मुलीने घर घेतले तेव्हा डाऊन पेमेंटसाठी आम्हाला ७०,००० डॉलर द्यायचे होते. आई ते मुलगी, आई ते जावई, बाबा ते मुलगी, बाबा ते जावई असे चार वेगवेगळे व्यवहार केले, प्रत्येकी १७,५०० डॉलरचे. चार वेळा १९,००० म्हणजे ७६,००० होतात, तेव्हा एवढ्यापुरता फॉर्म भरण्याचाही प्रश्न नव्हता. कर्ज देणाऱ्या संस्थेने मात्र ही रक्कम परत करायची नाही असे आमच्या सहीचे पत्र मागितले. ते पत्र देताना हे पैसे खरोखर परत मागायचे नाहीत, हे आम्ही आपापसांत बोलून घेतले. घरात ‘उसने’ आणि कागदावर ‘भेट’ असा दुटप्पीपणा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता आमची चूक. डिसेंबर २०२४मध्ये मुलगा सुट्टीत घरी आला होता तेव्हा मी माझ्या खात्यावरचा १८,००० डॉलरचा चेक त्याच्या हातात दिला. त्या वर्षीची मर्यादा १८,०००च होती, म्हणून मी निर्धास्त होते. त्याने तो चेक बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि बॉस्टनला परतल्यावर ६ जानेवारीला बँकेत भरला. चेकने दिलेली भेट ज्या वर्षी चेक बँकेत सादर होतो त्या वर्षाची धरतात. चेकवर कोणती तारीख आहे याने फरक पडत नाही. म्हणजे माझी २०२४ची मर्यादा वापरली न जाता कायमची गेली, कारण ती पुढच्या वर्षात नेता येत नाही. मार्चमध्ये मी त्याला त्या वर्षाचे म्हणून १९,००० दिले आणि २०२५मध्ये माझ्याकडून त्याला मिळालेली रक्कम ३७,००० झाली.

इथे ‘गिफ्ट स्प्लिटिंग’ कामाला आले. पती-पत्नी दोघेही नागरिक किंवा रहिवासी असतील आणि दोघांची संमती असेल, तर एकाने दिलेली भेट दोघांनी निम्मी निम्मी दिली असे धरता येते. ३७,०००चे निम्मे १८,५००, म्हणजे दोघेही मर्यादेच्या आत. आजीवन सवलतीला धक्का लागला नाही. पण ही सोय आपोआप मिळत नाही, त्यासाठी फॉर्म भरावाच लागतो, आणि एकदा निवडली की त्या वर्षी दोघांनी इतरांना दिलेल्या सगळ्या भेटींना ती लागू होते. इन्कम टॅक्सचे रिटर्न जोडप्याने एकत्र भरता येते तसे ७०९चे नाही. आम्ही दोघांनी आपापला फॉर्म भरला आणि दोन वेगळ्या पाकिटांतून रजिस्टर पोस्टाने कॅन्सस सिटीला पाठवला. आमच्या सीपीएने, म्हणजे इथल्या सीएने, सांगितले की स्प्लिटिंग केले नसते तरी टॅक्स शून्यच आला असता, फक्त माझ्या आजीवन सवलतीतून १८,००० वजा झाले असते. हे ऐकल्यावर मनावरचे दडपण उतरले.

या सगळ्या व्यवस्थेत मला सर्वांत जास्त आवडलेली तरतूद मात्र १९,०००ची नाहीच. कोणाचीही ट्युशन फी थेट शिक्षणसंस्थेला भरली किंवा कोणाच्याही उपचाराचा खर्च थेट डॉक्टरला वा हॉस्पिटलला दिला, तर ती रक्कम गिफ्ट टॅक्सच्या हिशेबात येतच नाही. तिला कमाल मर्यादा नाही, फॉर्म नाही, नात्याचीही अट नाही. पैसे ज्याच्यासाठी आहेत त्याच्या हातातून गेले नाहीत म्हणजे झाले. मुलाने फी भरली आणि आपण त्याला ती रक्कम दिली, तर ती साधी भेट ठरते. शिवाय ‘ट्युशन’चा अर्थ काटेकोर आहे : पुस्तके, राहणे, जेवण यात बसत नाही. मुलाच्या विद्यापीठाच्या बिलावर ट्युशन, राहण्याचा खर्च आणि इतर शुल्क अशा ओळी होत्या, पण ऑनलाइन पैसे भरताना सगळी रक्कम एकाच थकबाकीत जमा होत होती. मी २४,००० डॉलर माझ्या खात्यातून भरले आणि त्याच दिवशी तिथल्या कार्यालयाला ईमेल केली की ही संपूर्ण रक्कम ट्युशनच्या ओळीवरच जमा करावी. चार दिवसांनी आलेले उत्तर आणि ट्युशनसमोर शून्य दाखवणारे बिल मी छापून ठेवले आहे. राहण्याचा खर्च मुलाने आम्ही आधी दिलेल्या पैशांतून भागवला.

मावशीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी याच तरतुदीमुळे दोन्ही देशांचे नियम शेजारी शेजारी पाहावे लागले. भारतीय कायद्यात मावशीने भाचीला दिलेले पैसे करमुक्त आहेत, कारण आई-वडिलांची भावंडे नातेवाइकांच्या यादीत आहेत. उलट भाचीने मावशीला दिले तर भाची मावशीच्या यादीत नाही. ५०,००० रुपयांच्या वर गेले की पूर्ण रक्कम मावशीच्या उत्पन्नात धरली जाते. जिने लहानपणी मला सांभाळले तिला मी पैसे द्यावेत आणि तिने त्यावर कर भरावा, हे मला फार लागले. मी ऑपरेशनचे बिल थेट हॉस्पिटलच्या खात्यावर पाठवले. अमेरिकेच्या बाजूने हा उपचाराचा थेट खर्च असल्याने वार्षिक मर्यादेला हात लागला नाही. विम्याकडून जो भाग परत मिळतो त्याला मात्र ही सवलत लागू होत नाही, म्हणून विम्याचा हिस्सा वजा करूनच आकडा ठरवला. भारतात पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाने ही यादी एकदा तिथल्या सीएकडून समजून घ्यावी.

नातवासाठी ५२९ खाते, म्हणजे शिक्षणासाठीचे बचत खाते, उघडले आणि आम्ही प्रत्येकी ४०,००० डॉलर एकदम टाकले. या खात्यापुरती अशी मुभा आहे की वार्षिक मर्यादेच्या पाचपटीपर्यंतची, म्हणजे २०२५मध्ये ९५,०००पर्यंतची रक्कम पाच वर्षांत वाटलेली धरता येते. आमच्या बाबतीत ती दरवर्षी माणशी ८,००० होते आणि नातवाच्या नावे वर्षाला माणशी ११,००० शिल्लक राहतात. फॉर्मवर तशी निवड नोंदवावी लागते, आणि देणारा पाच वर्षांच्या आत वारला तर उरलेल्या वर्षांचा हिस्सा त्याच्या मालमत्तेत परत धरला जातो. आमच्या वयाला ही अट विचारात घ्यावी लागते, ती घेऊनच निर्णय केला.

एका बाबतीत मी वेळीच थांबले याचे समाधान आहे. १९९०च्या दशकात घेतलेले काही शेअर मुलीला द्यावेत असा विचार होता. त्यांची खरेदी सुमारे ६,००० डॉलरची आणि आजची किंमत ६०,०००च्या घरात. भेट म्हणून दिले तर माझी जुनी खरेदी-किंमतही तिच्याकडे जाते आणि विकताना ५४,०००च्या नफ्यावर तिला टॅक्स भरावा लागतो. तेच शेअर माझ्या पश्चात वारशाने मिळाले, तर मृत्यूच्या दिवशीची किंमत हीच तिची खरेदी-किंमत ठरते. ज्यांची मालमत्ता आजीवन सवलतीच्या कितीतरी खाली आहे, त्यांनी वाढलेले शेअर किंवा जुने घर घाईने मुलांच्या नावे करणे हा बहुतेक वेळा तोट्याचा व्यवहार आहे. आम्ही रोख रक्कम देतो आणि जुने शेअर राखून ठेवतो.

घाईचा उल्लेख मुद्दाम केला. २०१७च्या कायद्याने आजीवन सवलत जवळजवळ दुप्पट केली होती आणि ती २०२५अखेर निम्म्यावर येणार होती, म्हणून २०२४ आणि २०२५मध्ये ‘आताच द्या, नाहीतर संधी जाईल’ असे सांगणारी व्याख्याने आमच्याकडे बरीच झाली. अशाच एका व्याख्यानानंतर माझ्या परिचयातल्या एका दांपत्याने गरज नसताना मोठी फी देऊन ट्रस्ट करून घेतला, याचे मला वाईट वाटते. ४ जुलै २०२५च्या कायद्याने ती निम्म्यावर येण्याची तरतूद गेली आणि दीड कोटीचा आकडा २०२६पासून लागू झाला; पुढे तो महागाईनुसार वाढेल. वार्षिक मर्यादाही महागाईनुसार वाढते, पण हजाराच्या पूर्ण टप्प्यांतच, म्हणून २०२६मध्येही ती १९,०००च राहिली.

ज्या घरात एक जण नागरिक आणि दुसऱ्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यांनी एक गोष्ट जरूर पाहावी. नागरिक असलेल्या जोडीदाराला कितीही देता येते. नागरिक नसलेल्या जोडीदाराला मात्र २०२५मध्ये १ लाख ९० हजार आणि २०२६मध्ये १ लाख ९४ हजार डॉलर हीच वार्षिक मर्यादा आहे. भारतातल्या आई-वडिलांकडून वर्षात १ लाख डॉलरपेक्षा जास्त आले तर टॅक्स नाही, पण परदेशातून आलेल्या भेटीची माहिती देणारा फॉर्म ३५२० भरावा लागतो आणि तो विसरल्यास दंड मोठा असतो. राज्याच्या पातळीवर गिफ्ट टॅक्स फक्त कनेक्टिकटमध्ये आहे.

यंदा मी दोन्ही मुलांना चेक दिले नाहीत. २ जानेवारीला बँकेतून थेट रक्कम पाठवली आणि त्याच संध्याकाळी वहीत कोणी, कोणाला, किती, कोणत्या खात्यातून आणि कोणत्या कारणासाठी हे लिहिले. फॉर्म ७०९ची प्रत इन्कम टॅक्सच्या कागदांसारखी काही वर्षांनी फेकून देण्याची नाही, कारण आपल्या पश्चात इस्टेट टॅक्सचे, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेवरील कराचे, रिटर्न भरायची वेळ आली तर आजीवन सवलतीतले किती वापरले हे त्याच प्रतींवरून ठरते. आमच्या दोघांच्या प्रती, पोस्टाच्या पावत्या आणि वही एका निळ्या फाइलमध्ये आहेत, आणि गेल्या आठवड्यात मुलगी आली तेव्हा ती फाइल कुठल्या कपाटात आहे हे तिला दाखवले.