व्हॅनच्या छताची गळती आणि पाच वर्षांची गॅरंटी, साताऱ्यात आम्हाला कसं फसवलं

साताऱ्यात किंवा आसपास कोणी गाडीच्या छताची गळती काढून घेणार असेल, मग ती कॅम्पर व्हॅन असो नाहीतर वर एसी बसवलेली टूरिस्ट गाडी, तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी हे वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण गाडीचं जे नुकसान झालं त्याचा संताप जास्त आहे.

आमची ट्रॅव्हलर आहे, आतून बेड, छोटा ओटा, कपाटं असं सगळं करून घेतलेली. सासू-सासऱ्यांना हॉटेलचं जेवण आणि पायऱ्या दोन्ही झेपत नाहीत म्हणून घेतली, कासला, बामणोलीला, पंढरपूरला सगळे मिळून जातो. छतावर पंख्याचा व्हेंट म्हणजे हवा जायचं झाकणाचं भोक आहे, एक स्कायलाइट म्हणजे छतातली खिडकी आहे, पुढच्या बाजूला सोलर पॅनल आणि त्याची वायर आत घ्यायला ग्लँड, म्हणजे भोकाभोवतीचं बूच. पावसाळा लागला आणि बेडच्या बरोबर वर प्लायला तांबूस डाग पडायला लागला, मग थेंब.

ज्या माणसाकडे गेलो त्याचं नाव लिहीत नाही कारण केस चालू आहे. हायवेला लागून शेड आहे, बोलायला एकदम गोड. खालून टॉर्च मारला, वर चढून दोन मिनिटांत उतरला आणि म्हणाला, "वहिनी, समदं छतच गेलंय, कोटिंग मारायला लागंल, पर पाच वर्षं बघायचंच न्हाय." १८,५०० रुपये सांगितले, त्यातले १०,००० आधी. बाहेरून मागवलेलं भारी सीलंट, म्हणजे फटी बुजवायचं रसायन, वापरतो म्हणून एक ट्यूबपण हातात दिली. काम चालू असताना मिस्टर वर बघायला निघाले तर, "साहेब नका चढू, पत्रा दबतो," म्हणून खाली उतरवलं, आम्हाला चहा पाजला, आणि संध्याकाळी गाडी तयार. छत पांढरंशुभ्र, बघणाऱ्याला वाटावं नवीनच आहे. वर बादलीभर पाणी ओतून दाखवलं, आत एक थेंब नाही.

ती बादलीची टेस्ट कशी होती ते नंतर कळलं. गाडी त्याने शेडच्या उतारावर पुढचं तोंड खाली करून लावली होती, पाणी ओतलं मागच्या बाजूला, ते सरळ पुढच्या काचेवरून वाहून गेलं, व्हेंटच्या कडेला थांबलंच नाही. खरी टेस्ट म्हणजे गाडी सपाट जागेवर उभी करायची, आत एक माणूस बसवायचा आणि पाइपने बारीक पाणी आधी खालच्या बाजूला, मग हळूहळू वर सरकवत एकेका फिटिंगवर (व्हेंट, स्कायलाइट, सोलरचं ब्रॅकेट) बराच वेळ सोडायचं, म्हणजे कोणत्या फिटिंगवर आल्यावर आत ओल येते ते समजतं. बादली ओतून काहीही सिद्ध होत नाही.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो आणि तिकडचा पाऊस तुम्हाला माहितीच आहे, आडवा येतो. रात्री सासूबाईंची उशी भिजली. त्याला फोन केला तर म्हणे ही गळती नाही, तुम्ही चौघं आत झोपता, तुमच्या श्वासाची वाफ धरते. आणि ह्या उत्तराला बरेच लोक गप्प बसत असणार, कारण वाफ धरते हे खोटं नाही, थंडीत महाबळेश्वरला गाडीत झोपलात तर खिडकीच्या लोखंडी चौकटीवर पाणी दिसतंच. पण वाफेचं पाणी कोरड्या रात्रीपण येतं, स्वच्छ असतं, आणि जिथे जिथे थंड पत्रा उघडा आहे तिथे सगळीकडे येतं. गळतीचं पाणी पाऊस पडल्यावरच येतं, पाऊस थांबला तरी कितीतरी वेळ ठिबकत राहतं आणि प्लायमधून आलं की चहासारखा डाग सोडतं. आमच्या उशीवर डाग होता. हे त्याला सांगितल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं.

मग कराडला बसच्या बॉडीचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी आधी छताला हातसुद्धा लावला नाही, आतली प्लायची पट्टी काढली आणि बोटाने दाखवलं, ओल बेडवरून सुरू होत नव्हती, पुढे सोलरच्या ब्रॅकेटपासून पत्र्याच्या पट्टीवरून आणि वायरच्या कडेने मागे येत होती. पाणी आत शिरतं एका जागी आणि टपकतं भलत्याच जागी, म्हणून डागाच्या वर काहीतरी फासून उपयोग नसतो. पत्रा आणि प्लायच्या मधला ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंचा कापूस, पिळला तर पाणी निघालं, प्लाय फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले.

मग ते वर चढले आणि मिस्टरांना बरोबर घेऊन चढले. व्हेंटच्या कडेचा पांढरा थर नखाने धरला तर सायीसारखा अख्खा निघून आला. खाली जुनं तडकलेलं सीलंट जसंच्या तसं, त्यावर धूळ, वाळलेला पालापाचोळा, एकही स्क्रू काढलेला नाही. म्हणजे ज्या कामाचे १८,५०० घेतले ते काम झालंच नव्हतं, घाणीवरच सिलिकॉन फासून वरून रंग मारला होता. सिलिकॉनपण बाथरूमच्या बेसिनला लावतात ते, लावल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते. गाडी आणली त्या दिवशी तो वास आम्हाला आला होता, विचारलं तर म्हणाला केमिकल भारी आहे म्हणून येतो. त्या सिलिकॉनमधून वाळताना ॲसिड सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरायला मदत होते, स्क्रूच्या भोकांपाशी गंज सुरू झालेला काकांनी दाखवला.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. सिलिकॉन एकदा लागलं की त्याच्या राहिलेल्या तेलकट थरावर दुसरं काहीच नीट चिकटत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नाही. त्यामुळे काकांच्या माणसांचा बहुतेक वेळ नुसतं खरवडण्यात गेला, प्लास्टिकच्या पट्टीने, मग रिमूव्हर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. खरं काम नंतर. प्रत्येक फिटिंग पूर्ण उचललं, गंज घासून प्रायमर मारला, फ्लँजच्या म्हणजे फिटिंगच्या छतावर टेकणाऱ्या कडेच्या खाली ब्युटाइल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) घातली, स्क्रू थोडे थोडे फिरवत चारी बाजूंनी सारखे आवळले म्हणजे टेप कडेने जराशी बाहेर येते, आणि कडेला व स्क्रूंच्या डोक्यांवर पॉलियुरेथेन सीलंट, ऊन सोसणारं. ते हवेतल्या दमटपणावर वाळतं, दिवसाला साधारण तीनेक मिलिमीटर, म्हणून गाडी त्यांनी शेडमध्येच ठेवून घेतली. लावलं आणि संध्याकाळी गाडी घेऊन जा, असं ह्या कामात होत नाही.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, जो माणूस फिटिंग न उचलता वरून फासायचं बोलतो त्याला गाडी देऊच नका, कितीही वर्षांची गॅरंटी देऊ दे. उचलल्यावर खालचा उघडा पत्रा दाखव म्हणा, फोटो काढा, व्हिडिओ काढा. वर चढू नका म्हणाला तर शिडी लावून कडेने बघा. ट्यूब दाखवली तर ती आपल्यासमोर फोडायला लावा, आम्हाला दाखवलेली रिकामीच होती आणि तिच्यावरची तारीख उलटून गेलेली, हे मिस्टरांनी सहज काढलेल्या फोटोत नंतर दिसलं.

बिलाचं पण बघा. त्याने शिक्का मारलेलं बिल दिलं, त्यावर जीएसटी नंबर होता. हा नंबर १५ अक्षरी असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा २७. त्याचा २९ ने सुरू होत होता, म्हणजे कर्नाटक. जीएसटीच्या पोर्टलवर कोणालाही फुकट शोधता येतं, आम्ही टाकला तर भलत्याच धंद्याचं नाव आलं. गॅरंटीचा तर बिलावर उल्लेखच नाही, सगळं तोंडी.

आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, मग साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण कामाचे मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकील पाहिजेच असं नाही, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. काकांनी लेटरहेडवर काय काय सापडलं ते लिहून दिलं, निघालेला सिलिकॉनचा थर आम्ही पिशवीत जपून ठेवलाय, पत्र्याचे फोटो आहेत. नोटीस गेल्यावर त्याचा स्वतःहून फोन आला, अर्धे पैसे देतो, मागे घ्या. मिस्टरांनी सांगितलं पूर्ण रक्कम आणि प्लायचा, ग्लासवूलचा, खरवडण्याचा खर्च, सगळं बिलाप्रमाणे, आणि तेही आयोगासमोर लिहून दे.